हिंदीत बोलणारी देवी

आमच्या बाईंच्या अंगात देवी आली ती हिंदीत बोलली. भूमच्या बाजारात या गोष्टीवर आजही दोन तट आहेत. एक तट म्हणतो, देवी उत्तरेतली असणार, तिकडून फिरत फिरत आपल्या माळावर येऊन टेकली. दुसरा तट म्हणतो, उत्तरेतली कशाला असंल? बाईंनी जन्मभर शाळेत हिंदी शिकवलं, मग देवी ज्या घरात उतरली त्या घरचीच भाषा बोलणार की! खरं काय ते बाईंखेरीज मला ठाऊक आहे आणि आणखी एका बाईला. ते हिंदी उत्तरेतलं नव्हतं आणि पाठ्यपुस्तकातलंही नव्हतं. ते एका कार्टूनमधलं होतं.

'कार्टून' हा शब्द लिहिताना आजसुद्धा माझा हात अडखळतो. बाईंसमोर तो उच्चारायची सोय नव्हती. "कार्टून म्हंजे मांजर उंदराच्या मागं पळतं ते," त्या म्हणायच्या. "ही मालिका आहे. चित्रं हलतात एवढाच तिचा दोष."

पंचायत समितीत नोकरी लागली म्हणून मी उमरग्याहून भूमला आले आणि खोली शोधत फिरत होते. बाकीच्या घरमालकांनी मला जात विचारली, मटण खाते का विचारलं, भेटायला कोण कोण येणार ते विचारलं. बाईंनी विचारलं, "पालीला भितेस का?" मी म्हटलं, नाही. "संध्याकाळी सातला मोकळी असतेस का?" मी म्हटलं, हो. "मग ये राहायला. माझ्या घरात पालीला झाडू लावायचा नाही आन् सातला फोनवर बोलायचं नाही. बाकी तू काय वाट्टेल ते कर." मला वाटलं, सातला पूजा असेल. बाई लिंगायत, गळ्यात चांदीच्या करंडकात इष्टलिंग, कपाळाला भस्माचे ठसठशीत पट्टे, पायात मात्र लेकाचे जुने स्पोर्ट शूज. पूजा असणारच, असा माझा हिशेब.

पूजा पहाटेच उरकलेली असायची. सातला पारायण असायचं. पोथी ठेवायच्या घडीच्या लाकडी स्टँडवर बाई टॅब ठेवायच्या, समोर सतरंजी अंथरायच्या, पितळीत भाजलेले शेंगदाणे घ्यायच्या आणि मालिकेचा एक भाग लावायच्या. रोज एकच. दुसरा लावायचा नाही, मधे उठायचं नाही, सुरुवातीचं 'अब तक आपने देखा' पुढं ढकलायचं नाही. "पोथीतला मागचा अध्याय आठवल्याबिगर पुढचा कळतो व्हय?" मालिका संपली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मी राहायला गेले तेव्हा त्यांची कितवी फेरी चालू होती ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

टॅब पुण्याच्या लेकानं आपल्या मुलीसाठी आणलेला. नातीचं मन त्या मालिकेवरून दोन दिवसांत उडालं. आजीचं बसलं ते बसलंच. कुठल्या तरी परदेशात केलेली, हिंदीत डब केलेली मालिका. झाडांएवढाल्या रानछत्र्यांचं, म्हणजे अळंबीचं, एक जंगल. त्यात राज्यातून हाकललेली तेरीशा नावाची मुलगी, तिच्यासोबत एका कानाची कोल्ही, आणि सगळ्या जंगलाचं गाऱ्हाणं बोलून दाखवणारी वनराणी. यांच्याविरुद्ध राखराजा. त्याला काय पाहिजे, तर सगळं जंगल दगडासारखं गुळगुळीत करायचं आहे. का, तर बघायला बरं दिसतं.

"आपल्या नगरसेवकागत," बाई म्हणायच्या.

बाईंच्या गल्लीतल्या भजनी मंडळानं दोन संध्याकाळी येऊन पाहिलं. तिसऱ्या संध्याकाळी मंडळातल्या थोरल्या बाईंनी जाताना चप्पल घालत म्हटलं, "ह्यात देव कोण हाय ते काय कळंना बाई." आमच्या बाई म्हणाल्या, "कोणीच नाही, तेच तर बरंय." मंडळ परत आलं नाही. मग राहिले मी. सुरुवातीला खोली स्वस्त आहे म्हणून बसायचे. पुढं राखराजानं कोल्हीला पकडलं त्या दिवशी मला रात्रीचं जेवण गेलं नाही, तेव्हा बाई ताटावर भाकरी वाढत समाधानानं म्हणाल्या, "लागली बघ वळणाला पोरगी."

त्या मालिकेतली माणसं एकमेकांना नमस्कार करत नाहीत. तळहात पालथा करून समोरच्याच्या डोक्यावर छत्रीसारखा धरतात, त्यानंही पहिल्याच्या डोक्यावर धरायचा, आणि हे दोघांनी एकदमच करायचं. बाईंना हे फार पटलं होतं. "आपल्या नमस्कारात एकानं वाकायचं आन् दुसऱ्यानं ताठ उभं ऱ्हायचं. ह्यात बघ, कुणी थोरलं नाही, कुणी धाकटं नाही." घरात मी हे करायचे. पण एकदा भर आठवडी बाजारात, भाजीवालीच्या समोर, त्यांनी माझ्या डोक्यावर हात धरला आणि मी धरायची वाट बघत उभ्या राहिल्या. मी कोथिंबिरीची जुडी उचलून ती ताजी आहे का ते बघत बसले. भाजीवाली म्हणाली, "बाई, पाऊस न्हाय पडत."

बाईंच्या डोक्यात मालिका आणि माळ यांच्यामधे कुंपण नव्हतं. भूमहून ईटकडे जाणाऱ्या रस्त्याला गायरानाचा मोठा माळ आहे, कुसळाचा, बोरी-बाभळीचा. बाई रोज सकाळी तिकडं जायच्या, हातात छत्री घेऊन, ऊन असो नाहीतर आभाळ. तिथं एक खोकड होतं, त्याचे दोन्ही कान शाबूत होते, पण बाई त्याला एका कानाचंच समजून बोलायच्या. टिटवीला 'सेनापती' म्हणायच्या, कारण उगाच आरडाओरडा करते आणि करत काहीच नाही. लांडगा एकदाच दिसला म्हणे. तो दिसला त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे पेढे विचारल्यावर "लांडगा आला" म्हणाल्या, आणि शेजारच्यांनी पेढा तोंडात तसाच धरून आपल्या शेळ्या आत घेतल्या.

त्या माळावर मधोमध एक वारूळ होतं, माझ्या छातीइतकं उंच. बाई रोज जायच्या त्या वारुळासाठीच. श्रावणाच्या सुमाराला, चांगली झड लागून उघडीप पडली की त्या वारुळाच्या अंगाखांद्यावर पांढऱ्या अळंबी फुटायच्या. आपल्याकडं त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणून लाथेनं उडवतात. बाई उन्हात त्यांच्यावर स्वतःची छत्री धरून उकिडव्या बसायच्या, आणि स्वतः उन्हात. "खाली वाळव्या शेती करतात गं," त्या मला सांगायच्या. "पानं-काड्या कुजवून त्याच्यावर बुरशी पिकवतात आन् तीच खातात. ही त्या शेतीला आलेली फुलं. वारुळाला श्वासाच्या वाटा असतात. त्या बुजल्या की वाळवी गेली, वाळवी गेली की ह्या गेल्या. परत नाही यायच्या." मालिकेतल्या छत्र्यांचं जंगल त्यांना एवढं का आवडायचं ते मला त्या वारुळाजवळ कळलं. जगात कुणीतरी त्यांच्या अळंबीकडं नीट बघितलं होतं, एवढंच.

अळंबी बाईंच्या घरात मात्र चालत नव्हती. लिंगायताच्या स्वयंपाकघरात तिला मटणाच्याच रांगेत बसवतात. मला हे माहीत असायला हवं होतं, पण मी बार्शीहून येताना मशरूमचं एक पाकीट आणलं आणि वरच्या खोलीत गुपचूप फोडणीला टाकलं. बाई जिना चढून आल्या. मला वाटलं, आता सोवळं-ओवळं निघणार. त्यांनी कढईत डोकावून पाहिलं आणि एकदम खालच्या आवाजात विचारलं, "कुणाला कापलंस?" मी म्हटलं, बाई, बाजारातले आहेत, शेडमधे वाढवतात. "शेडमधे!" त्या पायरीवर मटकन बसल्या. "म्हंजे जन्मभर उजेड नाही बघितला बिचाऱ्यांनी." त्या दिवशी दोघीही पिठलं खाऊन झोपलो.

आता सतराच्या पाढ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढं तोच कामी आला. बाई नोकरीत होत्या तेव्हाची ही गोष्ट. त्यांना अंगात येण्याचा भयंकर तिटकारा. नवरात्रात एकदा सातवीच्या वर्गात एक मुलगी केस सोडून घुमायला लागली. बाकीच्या पोरी हात जोडून उभ्या. बाई खडू खाली ठेवून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "देवी, आलात ते बरं झालं. सतराचा पाढा म्हणा." देवी जरा थांबली. "देवी असाल तर येत असंल की! ह्या पोरीला नाही येत, ते मला ठाऊक आहे." देवी सतरा दुणे चौतीसपर्यंत आली आणि निघून गेली. पुढं गावात कुणाच्याही अंगात आलं की पोरंटोरं 'सतराचा पाढा म्हण' म्हणून ओरडायची. त्या मुलीचं नाव 'सतरा'च पडलं. लग्न होईपर्यंत ते काही सुटलं नाही.

तिचं लग्न झालं ते आप्पांशी. हे आप्पा म्हणजे भूमच्या चारी दिशांना चुन्याच्या रेघा मारणारा माणूस. जिथं माळ दिसेल तिथं प्लॉट पाडायचे. तोंडानं इतके गोड की त्यांच्याशी बोलून आल्यावर आपण नक्की कशाला हो म्हटलं ते आठवायला लागायचं. बाई त्यांना घरात सरळ राखराजाच म्हणायच्या. "आज राखराजा जीपमधनं गेला," "राखराजानं नवा चष्मा केला."

माझ्या दुसऱ्या आषाढात बाई सकाळी माळावरून धावत घरी आल्या. त्या वयाचं माणूस धावतं तेव्हा बघवत नाही. आप्पांनी गायरानाला लागून जमीन घेतली होती, आणि त्या प्लॉटांकडं जाणारा रस्ता नेमका वारुळावरून काढला होता. चुन्याची रेघ वारुळाच्या कुशीपर्यंत येऊन थांबलेली. उद्या जेसीबी येणार.

बाई दिवसभर फिरल्या. ज्याला सांगतील तो म्हणायचा, "बाई, वारूळच हाय ना?" मी कचेरीत विचारून पाहिलं, तिथं मला विचारलं, तुमच्या टेबलाचा विषय आहे का हा. संध्याकाळी पारायण झालं नाही. बाई टॅबच्या काळ्या काचेकडं बघत बसल्या होत्या. मी जवळ बसले तर म्हणाल्या, "तेरीशाला निदान तलवार तरी होती गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देव्हाऱ्यातलं हळदी-कुंकवाचं पंचपाळं उचललं आणि माळावर गेल्या. वारुळाला मळवट भरला, एक नारळ ठेवला, हिरवं खणाचं कापड पांघरलं, आणि छत्री उघडून बाजूला बसल्या. जेसीबी आला. ड्रायव्हरनं ते पाहिलं, इंजिन बंद केलं, खाली उतरला, चप्पल काढली.

"कुणाचं ठाणं हाय बाई?"

बाईंनी नुसती छत्री सरळ केली. आप्पांचा मुकादम ओरडला, "अरे घाल की बकेट!"

"कुंकू वाहिल्यालं हाय," ड्रायव्हर म्हणाला. "तुमी घाला. मला लेकरंबाळं हायती." आणि जेसीबी उलटा फिरवून घेऊन गेला.

बाईंनी तोंडानं एक शब्द खोटा काढला नव्हता. घरी आल्यावर मला टाळी दिली आणि त्या संध्याकाळी नियम मोडून दोन भाग लावले. आम्ही दोघी एवढ्या हसलो की शेजारी विचारायला आले.

पण कुंकवाला पाय असतात, हे आम्हाला कुठं माहीत? नागपंचमी आली. बायका दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वारुळाला जातातच. या वर्षी 'जेसीबी अडवणाऱ्या' वारुळाला सगळ्या लोटल्या. दूध, लाह्या, ओट्या. नवसाचे पाळणे बाभळीला लटकले. एकीची म्हैस गाभण राहिली, एकाची लेक नांदायला परत गेली, झालं! बाई वारुळाच्या भोकांवरून दुधात भिजलेल्या लाह्या काडीनं काढत बसायच्या, आणि लोकांना वाटायचं ही सेवा आहे. त्या वर्षी अळंबी उगवली ती चेंगरून गेली.

या सगळ्यात आप्पा गप्प बसले असतील? आप्पांनी रस्ता दहा पावलं बाजूनं वळवला आणि देवस्थान समिती काढली. अध्यक्ष स्वतः. प्लॉटच्या फलकावर 'रेल्वे स्टेशनजवळ' असं खोटं लिहिलेलं होतं ते पुसून 'जागृत देवस्थानाशेजारी' असं लिहिलं. हे निदान खरं होतं. मग समितीनं ठरवलं की वारुळाभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा, त्यावर ग्रॅनाइटची फरशी, वर पत्र्याचं छप्पर आणि देवीला धक्का लागू नये म्हणून वारुळालाच वरून सिमेंटचा गिलावा.

बाई आप्पांच्या घरी गेल्या. मी सोबत होते. त्यांनी वाळवीपासून सुरुवात करून सगळं समजावलं, सातवीच्या वर्गात समजावत असतील तसं. आप्पा हात जोडून ऐकत होते.

"बाई, तुमचं समदं बरोबर हाय. पर देवीला उघड्यावर ठिवायचं का आपण? लोक थुकतील आपल्या तोंडावर."

"आप्पा, तिथं देवी नाही. कुंकू मी वाहिलं. जेसीबी थांबावा म्हणून वाहिलं."

आप्पा हसले. "तुमाला वाटतं तुमी वाहिलं. तिनं तुमच्या हातून वाहून घेतलं."

"तिला श्वास घ्यायला वाट पाहिजे!"

"एक्झॉस्ट फॅन बसवू की."

आप्पांची बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. हीच ती सातवीतली मुलगी. तिनं कप ठेवले आणि आत गेली.

परत येताना बाई रस्त्यात थांबल्या. "खरं सांगितलं तरी चालंना गं," त्या म्हणाल्या. "आता काय करावं?" त्यांचे डोळे भरून आले होते.  माझाही जीव त्या मातीच्या ढिगात एवढा अडकला होता, हे मला तोवर कळलं नव्हतं.

ओट्याच्या पायाभरणीचा दिवस उजाडला. अख्खं गाव माळावर. मांडव, स्पीकर, शिऱ्याचा प्रसाद. परंड्याचे एक मुसलमान गवंडीचाचा फरशीच्या कामाला आलेले, त्यांनी सिमेंट कालवून ठेवलेलं. आप्पांनी घमेलं हातात घेतलं, फोटोसाठी जरा तिरके उभे राहिले, आणि तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून एक किंकाळी आली.

बाई होत्या. केस मोकळे सोडलेले, पांढरेशुभ्र, मी आजवर त्यांचा अंबाडा सुटलेला पाहिला नव्हता. डोळे वर, अंग घुमतंय, पायात तेच स्पोर्ट शूज. गर्दी फाटली. बाई आप्पांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि घुमत्या आवाजात म्हणाल्या:

"रुक जा, राख के सौदागर! जिस मिट्टी ने तुझे छाँव दी, उसी मिट्टी का दम घोंटेगा?"

 तो दुसऱ्या पर्वातला वनराणीचा संवाद होता. मला पुढचं वाक्यही पाठ होतं आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"हिंदी बोलती?" कुणीतरी कुजबुजलं.

"मेरे सर पर आकाश है! मुझे न छत चाहिए, न पत्थर! जो मेरी साँस रोकेगा, उसके खेत में राख उगेगी!"

आप्पा घमेलं घेऊन एक पाऊल मागं सरले. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. गवंडीचाचांनी थापी खाली ठेवली आणि आपण होऊन दुभाष्याचं काम घेतलं. "छप्पर नको म्हन्ती, फरशी नको, सिमिट तर बिलकुल नको म्हन्ती," त्यांनी मोठ्यानं सांगितलं. "शिऱ्याचं काय बोलली न्हाय."

पण आप्पा कसलेले गडी. ते सावरले. "बाईंची तब्येत बरी न्हाय," ते स्पीकरवर म्हणाले. "परवाच मला म्हणल्या, इथं देवी न्हाय. बाई शिकलेल्या हायती, त्यांच्या कशी अंगात यील? त्यांना कुणी घरी घिऊन जावा." लोकांत चुळबुळ झाली. बाई घुमत होत्या, पण त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, ते मात्र घुमण्यातलं नव्हतं.

तेवढ्यात आप्पांची बायको पुढं आली. ती बाईंच्या समोर उभी राहिली, पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देवी असाल तर सतराचा पाढा म्हणा."

 माझ्या मनात आलं, संपलं, एवढ्या वर्षांनी हिनं उट्टं काढलं. बाई क्षणभर घुमायच्या थांबल्या. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. आणि मग बाईंनी मान गर्रकन फिरवून सुरुवात केली.

"सतरा एके सतरा! सतरा दुणे चौतीस! सतरा त्रिक एकावन्न! सतरा चोक अडुसष्ट!"

घुमत घुमत, एकही न चुकता, थेट दाहेपर्यंत. शेवटाला आप्पांची बायको धाडकन पायावर पडली. "देवीच हाय! दुसऱ्या कुणाला येतोय पुरा?" तिच्यामागं सगळा माळ आडवा झाला. हिंदीच्या बाई, त्यांना गणितातला पाढा आला, यापेक्षा मोठा पुरावा गावाला नको होता. एक म्हातारे म्हणाले, छप्पर न मानणाऱ्या देवी असतात, आमच्या आजोळची तशीच हाय, वर पत्रा टाकला की वाऱ्यानं उडतो. आप्पांनीही घमेलं ठेवून साष्टांग घातलं, फोटोवाल्याकडं एकदा बघून.

वारूळ वाचलं. भोवती दोरी बांधली, आत कुणी जायचं नाही, दूध ओतायचं नाही, चपला बाभळीपाशी काढायच्या. समितीनंच फलक लावला.

बाई त्यानंतर दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. "जन्मभर ज्याला खोटं म्हणत आले तेच केलं," एवढंच म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी आप्पांची बायको आली, डब्यात पुरणपोळी घेऊन. बाईंच्या उशाशी बसली. बाई तिच्याकडं बघेनात.

"बाई, सातवीत माझी खरी आल्ती का खोटी, ते म्या आजवर कुणाला सांगितलं न्हाय," ती म्हणाली. "तुमचीबी कुणाला सांगणार न्हाय. पर तवा तुमी मला एकटीला बाजूला घिऊन इचारलं असतं, तर म्या तुमाला सांगितलं असतं, माझं लगीन ठरवायला लागले व्हते, म्हणून आली व्हती."

बाईंनी तिचा हात धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. मी चहा करायच्या निमित्तानं आत गेले.

त्यानंतर बाई एकट्या म्हणून राहिल्याच नाहीत. दारात रांग लागायची. एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आली आणि त्यांच्या पायावर घालायला लागली. बाई कडाडल्या, "दवाखान्यात ने आधी!" ती उठली आणि धावत दवाखान्यात गेली. एका बापाला म्हणाल्या, पोरीला बारावी करू दे, तर त्यानं जागेवर कान धरले. "अख्खी नोकरी घसा कोरडा केला गं," त्या रात्री जेवताना मला म्हणाल्या, "एकानं ऐकलं नाही. आता ओरडले की ऐकतात. मी तीच आहे, तेच सांगतेय." त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्या भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या होत्या.

सातचं पारायण आता ओसरीवर व्हायला लागलं, कारण आत माणसं मावेनात. भजनी मंडळ पुढच्या रांगेत. सगळे हात जोडून टॅबकडं बघायचे, कोल्ही आली की नमस्कार करायचे. राखराजा चिखलात पडतो तो प्रसंग आला. त्यावर बाई आणि मी दरवेळी पोट धरून हसायचो. मी हसले, तर सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. बाई कळवळून म्हणाल्या, "अगं हसा की गं! हसायचंच आहे ते!" तेव्हा सगळे एकदम, आज्ञा पाळल्यासारखे, हा-हा-हा करून हसले. बाईंनी टॅब बंद केला, आणि ओसरीवरचं पारायण दुसऱ्या पर्वाआधीच थांबलं.

पुढच्या श्रावणात अळंबी आली. बाईंना जाता येईना, त्या निघाल्या की मागं शंभर पावलं, आणि वारुळाजवळ पुन्हा चेंगराचेंगरी. मला म्हणाल्या, "तू बघून ये. तुझ्या मागं कोण येतंय." सकाळी मी त्यांची छत्री घेऊन गेले. वारुळाच्या उजव्या कुशीला दाटीवाटीनं उगवल्या होत्या, काही अजून मिटलेल्या, काही ताटलीएवढ्या उघडलेल्या, एकीच्या कडेला मातीचा गोळा तसाच चिकटलेला. मी उकिडवी बसून त्यांच्यावर छत्री धरली. खोकड लांब बोरीखाली उभं राहून बघत होतं. घरी येऊन मी सगळं सांगितलं, मातीच्या गोळ्यासकट, तर बाईंनी डोळे मिटून दोनदा ऐकून घेतलं. "आल्या ना," म्हणाल्या. "मग झालं. मग बाकी सोसंल."

त्याच वर्षी माझी उमरग्याला बदली झाली. एस.टी. स्टँडवर बाई सोडायला आल्या, म्हणजे बाई आणि त्यांच्या मागं वीस-पंचवीस माणसं. बस लागली. निघताना थोरल्यांच्या पाया पडायचं, हे मला लहानपणापासूनचं वळण. मी पिशवी खाली ठेवली आणि वाकले. बाईंनी दोन्ही पाय झटकन मागं घेतले.

"तू नको," त्या म्हणाल्या. "सगळे पडतात. तू एक तरी राहू दे मला."

 मी सरळ उभी राहिले आणि भर स्टँडवर, कंट्रोलरसमोर, चहावाल्यासमोर, सगळ्या भक्तांसमोर, पालथा तळहात त्यांच्या डोक्यावर छत्रीसारखा धरला. मागं कुणीतरी "अगं अगं, देवीच्या डोक्यावर हात!" म्हणून ओरडलं. बाईंनी माझ्या डोक्यावर हात धरला. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. बाई रडत होत्या आणि हसत होत्या, आणि मीही. कंडक्टरनं दोनदा घंटा मारली.

मी खिडकीत बसले. बाहेर बघते तर चहावाला आणि भजनी मंडळाच्या थोरल्या बाई एकमेकांच्या डोक्यावर हात धरून उभे होते, अगदी गंभीर चेहऱ्यानं. त्यांचं बघून बाकीचेही जोड्या लावत होते. आप्पा कुठूनसे आले होते आणि हात कुणाच्या डोक्यावर धरावा ते शोधत होते. बस वळली तेव्हा बाई कपाळावर हात मारून घेत होत्या, आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या सगळ्या बायका, भक्तिभावानं, आपापल्या कपाळावर हात मारून घेत होत्या.